सिराक्यूजशी मॅच कधी?

धाकट्याला दोन महिने पूर्ण झाले होते आणि रात्र ही झोपायची वेळ असते हे त्याला काही केल्या पटत नव्हतं. बाबा नातवाला बघायला कोल्हापूरहून आलेले. कनेक्टिकटची मार्चमधली थंडी त्यांना सोसत नव्हती, म्हणून घरातसुद्धा दोन स्वेटर आणि वर माकडटोपी. १२ मार्च २००९ च्या त्या रात्री मी बाळाला मांडीवर घेऊन टीव्ही लावला आणि बाबा ‘मलाबी झोप न्हाई’ म्हणत शेजारी येऊन बसले.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिग ईस्ट स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना चालू होता. बास्केटबॉल. एकीकडे आमचं यूकॉन, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकट, आणि समोर सिराक्यूज. बरोबरी असताना शेवटच्या क्षणाला सिराक्यूजच्या डेव्हनडॉर्फनं लांबून चेंडू टाकला, तो थेट बास्केटमध्ये गेला आणि तो पोरगा उडी मारून टेबलावर चढला. मला वाटलं, संपलं. पंचांनी चित्रण मागेपुढे करून पाहिलं आणि सांगितलं, घड्याळ शून्यावर आलं तेव्हा चेंडू अजून त्याच्या बोटांना टेकलेला होता. मग ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळ. मग दुसरा. तिसऱ्या वेळी बाबांनी विचारलं, “हे कुठलं गाव म्हणायचं?”

“सिराक्यूज.”

“लई लांब?”

“गाडीनं चार-साडेचार तास.”

“म्हंजे पेठेतलंच की गं.”

बाबांना बास्केटबॉलचं काही कळत नव्हतं. पण पेठ त्यांना कळत होती. ज्या गावात पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा ही फुटबॉलच्या तालमींची नावं घेतली की माणूस कुठल्या बाजूचा हे लगेच कळतं, ज्या गावात शाहू स्टेडियमवरच्या एका गोलासाठी सख्खे मेहुणे आठवडाभर अबोला धरतात, त्या गावचा माणूस होता तो. सामना एक-सव्वाच्या पुढे गेला. पाच ओव्हरटाइममध्ये सिराक्यूज एकदाही पुढे नव्हतं, सहाव्यात पहिल्यांदा गेलं आणि १२७-११७ असं जिंकलं. त्यांचा जॉनी फ्लिन ६७ मिनिटं खेळला होता. बाळ केव्हाच झोपलं होतं, मीच त्याला खाली ठेवायचं विसरले होते. बाबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “आता परत कधी हाय यांच्याशी?”

“दरवर्षी असते, बाबा.”

मी हे इतक्या खात्रीनं सांगितलं होतं.

*

कनेक्टिकटमध्ये यूकॉन काय आहे हे बाहेरच्याला सांगायला थोडा वेळ लागतो. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या मधोमध सापडलेलं हे छोटं राज्य. इथं आइस हॉकीचा एक व्यावसायिक संघ होता, हार्टफर्ड व्हेलर्स. तो १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाला निघून गेला. एका मोठ्या फुटबॉल संघाला (इथलं फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायचं अमेरिकन फुटबॉल, कोल्हापूरचं नव्हे) हार्टफर्डला आणायचं जवळजवळ ठरलं होतं, १९९९ मध्ये तेही फिसकटलं. मी त्यानंतर दोन वर्षांनी इथं आले, हार्टफर्डमधल्या एका विमा कंपनीच्या आयटी विभागात. तेव्हा ऑफिसात कुणीही भेटलं की हवेनंतरचा दुसरा विषय यूकॉन असायचा. स्टॉर्स नावाच्या खेड्यात, १८८१ साली शेतकी शाळा म्हणून सुरू झालेलं हे विद्यापीठ. आजही तिथं गाईंचे गोठे आहेत आणि त्यांच्या दुधाचं आइसक्रीम खायला आम्ही रविवारी जातो. त्या खेड्यातले मुलगे आणि मुली देशाला हरवतात ही इथल्या माणसाच्या छातीत जपून ठेवलेली गोष्ट आहे.

आणि ते हरवत आले ते कॉन्फरन्समुळे. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, एक पंगतच. कुणाच्या शेजारी कोण बसणार हे ठरलेलं, दरवर्षी तेच चेहरे. १९७९ मध्ये डेव्ह गॅव्हिट नावाच्या प्रशिक्षकानं पूर्वेकडच्या शहरांतली विद्यापीठं एकत्र आणून बिग ईस्ट उभी केली. प्रॉव्हिडन्स, जॉर्जटाऊन, सेंट जॉन्स, सिराक्यूज आणि त्यांच्यात हे खेड्यातलं यूकॉन. त्याच वर्षी, इथून अर्ध्या तासावरच्या ब्रिस्टल गावात ईएसपीएन ही क्रीडावाहिनी सुरू झाली. व्हेलर्समधून नोकरी गेलेल्या बिल रासमुसेनच्या डोक्यात सुरुवातीला एवढंच होतं की यूकॉनच्या मॅचेस केबलवर दाखवाव्यात. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन गोष्टी. पुढे त्यातल्या दुसरीच्या पैशानं पहिली फुटली, हे मला आजही ब्रिस्टलच्या त्या डिशअँटेनांवरून जाताना आठवतं.

पैशाचं गणित फार अवघड नाही. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉल टीव्हीवर किती आणि कुणाचं दाखवायचं हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी कोर्टात धाव घेतली आणि सुप्रीम कोर्टानं ती मक्तेदारी मोडली. तेव्हापासून कॉन्फरन्सेस आपापले हक्क आपण विकू लागल्या आणि जिच्याकडे फुटबॉल मोठं तिच्याकडे पैसा मोठा. बास्केटबॉल कितीही लाडकं असलं तरी घर फुटबॉलवर चालतं. बिग ईस्टमधल्या अर्ध्या विद्यापीठांकडे मोठ्या पातळीचं फुटबॉल होतं, अर्ध्यांकडे नव्हतं. अशा घरात वाटणी आज ना उद्या होणारच होती.

पहिली फूट २००३ ची. मायामी, व्हर्जिनिया टेक, मग बॉस्टन कॉलेज, एकेक करून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सकडे, म्हणजे एसीसीकडे निघाले. राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता रिचर्ड ब्लूमेंथल यांनी पुढाकार घेऊन खटला भरला. जाणारे गेलेच. त्याच वर्षी इकडे ईस्ट हार्टफर्डला, प्रॅट अँड व्हिटनी या विमान-इंजिनांच्या कंपनीच्या जुन्या धावपट्टीवर, सुमारे ४० हजारांचं रेंट्शलर फील्ड उभं राहिलं होतं. यूकॉनला मोठ्या फुटबॉलमध्ये जायचं होतं. पंगत हलायला लागली असताना आम्ही मोठं ताट विकत घेतलं होतं.

आणि मग २०११. ते एक वर्ष मी महिन्यामहिन्यानं सांगू शकते. जानेवारीत यूकॉनचं फुटबॉल बिग ईस्टचं विजेते म्हणून ॲरिझोनात फिएस्टा बोल हा हंगामाअखेरचा मोठा सामना खेळलं. ओक्लाहोमाकडून ४८-२० हरलं, शिवाय घ्याव्या लागलेल्या साडेसतरा हजार तिकिटांतली बहुतेक पडून राहिली. मार्चमध्ये बास्केटबॉलच्या केंबा वॉकर नावाच्या सहा फुटी पोरानं पाच दिवसांत पाच सामने जिंकून बिग ईस्टचं विजेतेपद आणलं, एप्रिलमध्ये देशाचं. ऑफिसात लोक आनंदानं रडले. सप्टेंबरमध्ये बातमी आली: सिराक्यूज आणि पिट्सबर्ग एसीसीमध्ये जाणार.

त्यानंतर सगळं भराभर. नोव्हेंबर २०१२ मध्ये मेरिलँडनं एसीसी सोडली, एक जागा रिकामी झाली. नऊ दिवस आम्हाला वाटत राहिलं की ती जागा आमची. ती लुइव्हिलला मिळाली. त्याच डिसेंबरात बिग ईस्टमधल्या सात कॅथलिक विद्यापीठांनी, ज्यांना मोठ्या फुटबॉलशी देणंघेणं नव्हतं, वेगळं व्हायचं ठरवलं आणि जाताना बिग ईस्ट हे नावही सोबत नेलं. यूकॉन जिथं होतं तिथंच राहिलं. घर मात्र त्याच्या अंगावरून निघून गेलं. उरलेल्यांच्या कॉन्फरन्सला अमेरिकन हे नवं नाव मिळालं.

बाबा दर वर्षी हिवाळ्यात फोनवर विचारायचे, “काय गं, सिराक्यूजशी मॅच कधी?” पहिल्या वर्षी मी समजावून सांगितलं. दुसऱ्या वर्षी म्हटलं, यंदा नाही. तिसऱ्या वर्षीही त्यांनी विचारलंच.

*

अमेरिकन कॉन्फरन्समधली ती सात वर्षं. मी तुल्साला किंवा टुलेनला नावं ठेवणार नाही; तिथली मुलंही जीव तोडून खेळत होती. पण फेब्रुवारीच्या एखाद्या बुधवारी हार्टफर्डच्या हॉलमध्ये बसल्यावर आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्या दिसायच्या आणि समोरच्या संघावर रागवावं कसं हेच कळायचं नाही. राग यायला आठवण लागते. प्रशिक्षक जीनो ऑरिएमांच्या बास्केटबॉल संघातल्या मुलींनी त्या सात वर्षांत कॉन्फरन्समधला एकही सामना हरला नाही. एकही. ऐकायला भव्य वाटतं, पण मी माझ्या लेकीला एका सामन्याला घेऊन गेले होते आणि मध्यंतराला ती दहा वर्षांची पोर म्हणाली, “आई, समजा आपण घरी गेलो तर?” तिला आवडत नव्हतं असं नाही. तिला भीती वाटावी असं समोर कुणीच नव्हतं.

२०१४ मध्ये पुरुषांनी पुन्हा देशाचं विजेतेपद मिळवलं, हेही खरं. पण खेळांच्या विभागाची तूट फुगत गेली, वर्षाला चार कोटी डॉलरच्या वर. आणि जून २०१९ मध्ये विद्यापीठानं एक निर्णय घेतला जो मला आजही धाडसाचा वाटतो. अमेरिकन सोडायची, त्यासाठी १ कोटी ७० लाख डॉलर भरायचे आणि परत बिग ईस्टमध्ये जायचं. प्रॉव्हिडन्स तासाभरावर, सेंट जॉन्स न्यूयॉर्कमध्ये, सीटन हॉल न्यू जर्सीत. जुने शेजारी.

फक्त त्या बिग ईस्टमध्ये फुटबॉल नव्हतं. म्हणजे बाकी सगळी भावंडं घरी परतली आणि फुटबॉलला सांगितलं गेलं, तुझं तू बघ. २०२० पासून यूकॉनचं फुटबॉल स्वतंत्र आहे, कुठल्याच कॉन्फरन्सचं नाही.

स्वतंत्र हा शब्द मराठीत किती उजळ आहे. इथं त्याचा रोजचा अर्थ फोन लावणं असा आहे. कॉन्फरन्समधल्या संघाला आठ-नऊ सामने ताटात वाढून मिळतात. स्वतंत्र संघाला बाराच्या बारा सामने स्वतः जमवावे लागतात, अनेकदा काही वर्षं आधी. सप्टेंबर सोपा जातो, कारण तेव्हा सगळेच बाहेरच्यांशी खेळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रत्येकजण आपल्या घरच्या सामन्यांत अडकलेला. तेव्हा तारीख मिळायची तर ज्याच्या वेळापत्रकात भोक पडलंय असा शोधायचा. मोठी विद्यापीठं पैसे देऊन बोलावतात, आमच्याकडे या, आमच्या मैदानावर खेळा. म्हणजे बहुतेक वेळा हरा. टीव्हीचा करार वेगळा, हंगामाअखेरच्या बोल सामन्याची हमी नाही. आणि हंगाम संपल्यावर गुणतक्त्यात तुमची एक ओळ, वर-खाली आपलं कुणी नाही.

सुरुवात फार वाईट झाली. पहिलाच हंगाम कोविडनं रद्द. दुसरा, २०२१ चा, एक विजय आणि अकरा पराभव. होली क्रॉससारख्या खालच्या गटातल्या कॉलेजनं आमच्याच मैदानावर हरवलं. नंतरच्या आठवड्यात पर्ड्यू आलं. त्या सामन्याला आम्ही गेलो होतो, शेजारच्या कुटुंबासोबत. गाडीच्या मागच्या दारात डबे उघडले, मी वडे आणि लसणीची चटणी नेली होती. त्यांचे आजोबा, प्रॅट अँड व्हिटनीत ३० वर्षं इंजिनांवर काम केलेला माणूस, वडा हातात धरून बुटानं गवत बाजूला करत मला दाखवत होता की जुनी धावपट्टी साधारण कुठून कुठे जायची. आत गेल्यावर ४९-० हरलो. तिसऱ्या सत्रानंतर लोक निघाले. आजोबा बसून राहिले. मी विचारलं, जायचं का? ते म्हणाले, मी इथून विमानं उडताना पाहिलीत, मी थांबेन. आम्हीही थांबलो.

*

स्वतंत्र म्हणावे असे मोठ्या पातळीवर आता दोनच संघ. मॅसॅच्युसेट्स २०२५ मध्ये परत मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये गेलं, आर्मी त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकनमध्ये, ब्रिगहॅम यंग २०२३ मध्ये बिग १२ मध्ये. उरले यूकॉन आणि नोत्र दाम. पण दोघांचं एकटेपण एक नाही. नोत्र दाम वाड्याचं मालक आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मिडवेस्टच्या कॉन्फरन्सनं, जी आज बिग टेन म्हणून ओळखली जाते, त्यांना पुन्हा पुन्हा नाकारलं. कॅथलिकांविषयीचा आकस त्यात होता असं इतिहासकार सांगतात. त्या नकारातून ते देशभर फिरून खेळायला लागले, देशभरच्या कॅथलिक कामगारांचे लाडके झाले, आणि १९९९ मध्ये तीच बिग टेन दारात आली तेव्हा त्यांच्या विश्वस्तांनी नम्रपणे नाही म्हटलं. १९९१ पासून एनबीसी त्यांचे घरचे सामने दाखवते. एका संघासाठी एक अख्खी वाहिनी. बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत, फुटबॉल मोकळं, तरी वर्षाला साधारण पाच सामने एसीसीतल्या संघांशी. ते जिथं उतरतील तिथली पंगत त्यांच्यासाठी सरकून बसेल. त्यांची काळजी करायचं मला कारण दिसत नाही.

काळजी वाटते ती ज्यांच्याखालून जमीन काढून घेतली गेली त्यांची. माझा मावसभाऊ ऑरेगनमध्ये बीव्हर्टनला असतो, त्याची मुलगी तेव्हा कॉर्व्हालिसला ऑरेगन स्टेटमध्ये होती. २०२२ च्या जूनमध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी पॅक-१२ ही पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स सोडायचं जाहीर केलं, पुढच्या उन्हाळ्यात कोलोराडो, आणि ऑगस्टच्या एका शुक्रवारी एका दिवसात पाच. १ सप्टेंबर २०२३ ला स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये जायचं ठरलं. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं. त्या रात्री भावाचा फोन आला. “ताई, आमच्यात आता दोघंच उरले.” १९१५ पासूनची परंपरा सांगणारी ती कॉन्फरन्स, आणि तिच्यात ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. मी काय बोलणार? म्हटलं, नाव सोडू नका. त्यांनी सोडलं नाही. कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचा ताबा राखला आणि २०२६ साठी बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट अशांना बोलावून घर पुन्हा उभं केलं. मला त्यांचा फार आदर वाटतो. आमचं नाव तर आधीच दुसऱ्यांच्या दारावर लागलं होतं.

यूकॉननं कुठं जावं, हा प्रश्न ऑफिसात, पार्किंगमध्ये, मराठी मंडळाच्या कोजागरीला दुधाच्या पातेल्याभोवतीसुद्धा निघतो. बिग १२ नं दोनदा दार किलकिलं केलं, २०१६ मध्ये आणि २०२४ मध्ये, आणि दोन्ही वेळा लावून घेतलं. दुसऱ्या वेळी तर पुरुषांचं बास्केटबॉल लागोपाठ दोनदा देशात पहिलं आलेलं होतं. माझ्या नवऱ्याचं मत, पुन्हा विचारलं तर डोळे मिटून हो म्हणावं. २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादाच २ कोटी डॉलरच्या पुढे. एवढा पैसा आइसक्रीम विकून येणार नाही, असं तो म्हणतो. त्याचं चूक नाही. पण मला यूटाच्या डोंगरांपर्यंत पसरलेल्या त्या नकाशात स्टॉर्स दिसत नाही. मंगळवारी रात्री ॲरिझोनात व्हॉलीबॉल खेळून बुधवारी सकाळी वर्गात बसणारी एकोणीस वर्षांची मुलगी दिसते. तिनं फुटबॉलच्या पैशासाठी का झिजावं?

मिड-अमेरिकन किंवा अमेरिकनमध्ये फक्त फुटबॉल नेता येईल, असं काहीजण म्हणतात. डोक्यावर छप्पर मिळेल, मान्य. माझं मन मात्र एसीसीकडे लागलेलं आहे, आणि हे मी २०१२ चे ते नऊ दिवस विसरून म्हणत नाही. तिथं सिराक्यूज आहे, पिट्सबर्ग आहे, बॉस्टन कॉलेज आहे. आमचे निम्मे जुने भांडणारे तिथंच बसलेत. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या एसीसीतल्याच विद्यापीठांनी एसीसीशी खटले लढवून मार्च २०२५ मध्ये जी तडजोड केली, तिच्यामुळे बाहेर पडण्याची किंमत दरवर्षी उतरत २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर येणार आहे. तेव्हा दक्षिणेतले मोठे संघ उठतील आणि उत्तरेकडे जागा होतील, असा माझा अंदाज आहे. तोपर्यंत पाच वर्षं एकटं राहावं लागलं तरी राहावं. घाईनं कुठल्याही दारात शिरण्यापेक्षा आपल्या ओळखीच्या आळीत जागा व्हायची वाट बघावी. माझं हे म्हणणं हिशोबाच्या वहीत बसणारं नाही, पण माझं ठाम मत आहे.

आणि एकटं असताना शेजाऱ्यांना फोन लावता येतो, हेही आता दिसायला लागलंय. २०२५ च्या वेळापत्रकात सिराक्यूज होतं, बॉस्टन कॉलेज होतं, ड्यूक होतं. बॉस्टन कॉलेजला आम्ही हरवलं. त्या वर्षी एसीसीचं विजेतेपद घेणाऱ्या ड्यूकला आमच्या धावपट्टीवर ३७-३४ हरवलं. पलीकडचे आजोबा आता काठी घेऊन येतात, त्या दिवशी काठी त्यांनी डोक्यावर फिरवली.

सिराक्यूजचा सामना त्याआधीचा, सप्टेंबरचा, त्यांच्या घरी. धाकटा आता सोळा वर्षांचा, शिकाऊ परवाना घेतलेला. मॅसॅच्युसेट्सपर्यंत त्यानं चालवली, पुढे मी. त्यांचं मैदान घुमटाखाली आहे, आवाज छपराला आपटून परत डोक्यावर येतो. सगळीकडे नारिंगी. आमच्या मागच्या रांगेतल्या एका बाईनं निळा शर्ट बघून विचारलं, २००९ आठवतं का? मी मुलाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, हा तेव्हा माझ्या मांडीवर होता. ती जोरात हसली, मग तिनं आम्हाला शेंगदाण्यांचा पुडा दिला आणि पुढचे तीन तास आमच्या विरोधात घसा फुटेस्तोवर ओरडली. आम्ही ओव्हरटाइममध्ये २७-२० हरलो.

परतताना ऑल्बनीच्या आसपास थांबून मी कोल्हापूरला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ झाली होती, कपबशीचा आवाज येत होता.

“बाबा, सिराक्यूजशी मॅच झाली.”

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. वाटलं लाइन गेली.

“कोण जिंकलं?”

“ते.”

“किती ओव्हरटाइम?”

“एकच.”

“एकच?” बाबा म्हणाले, आणि मग मुलाला फोन द्यायला सांगून त्याला सगळं पहिल्यापासून विचारायला लागले.